राखेच्या विटा

ती. आईस,
इथूनच वाकून नमस्कार.

मी बरी आहे. जेवते वेळेवर, म्हणजे आठवण होईल ती वेळ. तुझा गुडघा काय म्हणतोय? दादाची चिडचिड कमी झाली का?

माझ्या अहवालाचं घोडं सारांशावर अडलंय. आज तो पुन्हा परत आला. मॅडम म्हणाल्या, "अगं, तुझ्या आईला कळेल असं लिही. तिला कळलं नाही, तर तुलाही कळलेलं नाही." डोकं पार शिणलंय, म्हणून थेट तुलाच लिहिते.

आम्ही मातीत राख मिसळून विटा केल्या. त्या जास्त टिकतील असं वाटलं होतं. तीन वर्षं भिजवल्या, वाळवल्या, यंत्रात दाबल्या. त्या साध्या विटांच्या आधी फुटल्या.

बघ, एवढंच होतं. पानंच्या पानं भरून मी नेमकं हेच सांगायचं टाळत होते.

उद्या मॅडमना हेच दाखवीन. दादाला मात्र एवढ्यात सांगू नकोस. तो लगेच "परत ये" म्हणेल, आणि सध्या मी इतकी दमलेय, की खरंच निघून येईन.

तुझं,
शेंडेफळ