चौदा नंबरची चिठ्ठी

सौ. विहीणबाईंना नमस्कार.

इकडे सगळं ठीक आहे, निदान या ओळीपर्यंत तरी. व्याह्यांचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं आणि ते नक्की चालत नसणार. "चाललो" म्हणून सांगत असतील तर चपलांचे तळ तपासा. तुमचं मागचं पत्र पोचलं. पाकीट एका कडेला दोनदा चिकटवलेलं दिसलं. (वाटेत कुणी उघडून वाचत असेल, तर त्याने हेही वाचावं: माझ्या लक्षात आलं आहे.)

आता कारणाकडे येते. तुमची लेक चार मजली दुकानात नोकरी करते, एवढंच तुम्हाला ठाऊक असेल. तिथला पगार कसा ठरतो हे तिने तुम्हाला सांगितलं नसणार, कारण तिच्याच घरात राहून मलाही वर्षभर कळलं नव्हतं. मूळ पगार नावापुरता, बाकी सगळं विक्रीवर. वस्तू विकली की विकणाऱ्याने तिच्यावर आपल्या नंबराची चिठ्ठी चिकटवायची. पैसे भरण्याच्या खिडकीवर तो नंबर नोंदतात आणि महिनाअखेरीस ज्याच्या नंबरावर जितकी विक्री, तितकं त्याच्या पदरात. लागोपाठ तीन महिने ठरलेल्या आकड्याखाली राहिलं की नोकरी गेली. आपल्या सूनबाईंचा नंबर सत्तावीस, बॅगांचा विभाग. दोन महिने ती आकड्याखाली आहे. हा तिसरा चालू आहे.

ही मुलगी बोलायला कशी आहे ते तुम्ही जाणता. गेल्या वर्षी तिने मला माझ्याच स्वयंपाकघरात उभं करून नवी इस्त्री घ्यायला लावली. जुनी उत्तम चालत होती. अशा मुलीची विक्री पडते? मला पटेना. विचारलं, तर "काही नाही आई, पाय दुखतात" म्हणून गरम पाण्यात पाय बुडवून बसायची. चिरंजीवांना विचारलं, तर त्यांनी खांदे उडवले. (ते सगळ्यालाच उडवतात. त्यांच्या वडिलांकडून आलं आहे.) मी मनाशी निश्चित केलं की हिची विक्री पडत नाही, कुणीतरी खातंय.

कॉन्व्हेंट शाळेत आमच्या सिस्टर शिकवायच्या की आरोप करायचा तर तारीख, जागा आणि साक्षीदार हवा. म्हणून मी सोमवार ते बुधवार त्या दुकानात जाऊन बसले. बॅगांच्या समोर सोफ्यांचा विभाग आहे. सूनबाईंना दिसू नये म्हणून मी एका उंच पाठीच्या सोफ्यावर छत्री आणि वर्तमानपत्र घेऊन ठाण मांडलं. विहीणबाई, त्या मजल्यावर बसायला एकशेदहा जागा आहेत (मी मोजल्या) आणि काम करणाऱ्यांपैकी एकालाही टेकायची परवानगी नाही. सोफेवाला पन्नाशीचा, सकाळपासून उभा. पहिल्या दिवशी त्याने मला सोफ्याच्या स्प्रिंगा समजावून सांगितल्या. दुसऱ्या दिवशी पाणी आणून दिलं. अनोळखी माणूस बाईमाणसाला पाणी का आणून देतो? मी ते प्यायले नाही. तिसऱ्या दिवशी तो हळूच म्हणाला, "बाई, सोफा राहू द्या, निदान एक उशी तरी घ्या. तीन दिवस तुम्ही माझ्या वाट्याला आहात. तुम्हाला सोडून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे जाता येत नाही मला." तेव्हा कळलं की तिथे गिऱ्हाइकाची पाळी लागते आणि मी त्या बिचाऱ्याची पाळी अडवून बसले होते. उशी घेतली. महाग आहे आणि टोचते.

पण गेले होते त्या कामात यश आलं. बॅगांच्या विभागात चौदा नंबरचा एक गृहस्थ आहे. बारीक मिशी, पॉलिश केलेले बूट, आणि प्रत्येकाशी अदबीने बोलणं. इतकं अदबीने माणूस उगाच बोलत नाही. तीन दिवसांत मी त्याला पाच वेळा पाहिलं: गिऱ्हाईक पैसे भरायला निघालं की हा बॅगेवरची चिठ्ठी नखाने सोलायचा, इकडेतिकडे बघायचा आणि खिशातली दुसरी चिठ्ठी लावायचा. तोवर आपली सूनबाई गोदामाच्या दाराआड गेलेली असायची. आणखी काय पुरावा हवा? बुधवारी दुपारी घरी येऊन मी अडीच पानी तक्रार लिहिली, इंग्रजीत, एकही खाडाखोड न करता. तारीख, जागा, पाचही वेळा. निनावी पत्र लिहिणं हा भेकडपणा, म्हणून खाली पूर्ण नाव आणि पत्ता. नातं मात्र लिहिलं नाही. उगाच वशिला वाटायला नको. गुरुवारी सकाळी स्वतः नेऊन मॅनेजरच्या हातात दिली. त्याने ती उभ्यानेच दोनदा वाचली आणि मला चहा मागवला. माणूस फार खूश दिसला. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

गुरुवारी संध्याकाळी सूनबाई घरी आली आणि पर्ससुद्धा न ठेवता खुर्चीत बसली. कुण्या गिऱ्हाइकाने तक्रार केली आहे, सोमवारी अकरा वाजता चौकशी आहे, चौदा नंबर जाणार. मी म्हटलं, बरंच झालं, तुझी विक्री चोरत होता ना? त्यावर ती माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, तो माझी चोरत नव्हता. स्वतःची मला देत होता."

मग सगळं बाहेर आलं. दोन महिन्यांपूर्वी गोदामात शिडीवरून तिचा पाय घसरला, घोटा दुखावला. सांगितलं तर बिनपगारी घरी बसवतात, म्हणून दुकानात सांगितलं नाही, घरी सांगितलं नाही, तुम्हालाही सांगितलं नाही. या महिन्यात विभागातल्या लोकांच्या लक्षात आलं. तिला गोदामात खोक्यावर बसवून ते बाहेर विकतात आणि आपल्या चिठ्ठ्या सोलून तिच्या लावतात. त्यांची ही रीतच आहे. चौदा नंबरची आई इस्पितळात होती, तेव्हा सगळ्यांनी त्याचा आकडा भरून दिला होता. मजल्यावर सगळ्यांना ठाऊक, एका मॅनेजरला सोडून. आणि आता त्यालाही, अडीच पानांत. सोमवारी चौदा नंबर गेला की खिडकीवरच्या नोंदी उघडतील, आणि त्या चिठ्ठ्या कुणाच्या नंबराच्या होत्या ते कळलं की त्याच दिवशी सत्तावीस नंबरही जाईल. पुढे तिने त्या तक्रार करणाऱ्या गिऱ्हाइकाच्या डोळ्यांचा, जिभेचा आणि रिकामपणाचा जो उद्धार केला, तो मी हातात झारा धरून ऐकला आणि मान डोलावली.

काल शुक्रवारी मी मॅनेजरकडे जाऊन तक्रार परत घेतली. तो आवाज खाली आणून म्हणाला, "मॅडम, तुम्हाला कुणी धमकावलंय का?" मी म्हटलं, मला धमकावणारा अजून जन्माला यायचा आहे. मी जितकं परत घेत गेले तितकी त्याची खात्री होत गेली, आणि सोमवारची चौकशी कायम राहिली. इतका संशयी माणूस मी आयुष्यात पाहिला नाही.

सूनबाईंचा घोटा आता बांधला आहे. काळजी नसावी. व्याह्यांना नमस्कार.

ता. क. काळजी नसावी असं वर लिहिलं, पण एक काम आहे. गेली सहा वर्षं तुम्ही माझ्या पाठीमागे जे बोलता (मला सगळं कळतं, कोण सांगतं ते विचारू नका), ते कृपा करून एकदा कागदावर लिहा आणि हे पत्र आणणाऱ्या माणसाच्याच हाती, सोमवारी अकराच्या आत मॅनेजरकडे पोचेल असं पाठवा. ही बाई उठल्याबसल्या संशय घेते, नसलेलं बघते, हिच्या बोलण्यावर कुणी विसंबू नये. सोबत दाखले द्या: तुमच्या धोब्याने उशांचे अभ्रे चोरले असं मी म्हणाले होते ते, आणि ते माझ्याच बॅगेत निघाले तेही. खाली "जवळची नातलग" एवढंच लिहा. ते खोटं नाही.

ता. क. दुसरा. "थोडी विसराळू आहे" वगैरे मऊ लिहू नका. तुम्हाला जमतं तसं लिहा. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे असं घाला. नाही, पण घाला. आणि तुमच्या लेकीला यातलं अक्षर कळता कामा नये.

ता. क. तिसरा. पाकीट शोधायला उठले तर सूनबाई पाठीशी उभी. किती वेळ उभी होती कोण जाणे. माझ्या हातातून पत्र घेऊन तिने शेवटपर्यंत वाचलं, परत माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाली, "डाव्या डोळ्याचंही लिहायला सांगा, आई. एका डोळ्याने भागणार नाही."

तरी दोन्ही डोळे लिहा.