कांद्याचा भाव, चौदा सेकंदांत

मोशी, मंगळवार

तीर्थरूप सोपानमामा यांना रणजीतचा वाकून नमस्कार. तुमची तब्येत बरी असावी आणि मामींचा गुडघा आता जिना चढू देत असावा. मोशी ते चाकण एवढ्याशा अंतरावर पत्र कशाला, असं म्हणाल. पण फोनवर तुम्ही नुसतं "बोल" म्हणालात तरी माझी वाचा बसते, म्हणून लिहितोय. (आई मजेत आहे. तिला यातलं काही माहीत नाही.)

तुम्ही शब्द टाकून मिळवून दिलेली सीएनसी मशीनवरची नोकरी सोडून मी तळवड्यात वेबसाइट बनवायला गेलो, ते तुम्हाला पटलं नव्हतं. तिथे पहिलंच काम मिळालं ते चाकण मार्केटातले कांद्याचे आडते दादासाहेब यांचं: रोजचे भाव शेतकऱ्यांना मोबाइलवर दिसावेत. वेबसाइट कुणी शून्यातून बांधत नाही, तयार सांगाडा घेतात, त्याला फ्रेमवर्क म्हणतात, आणि ती ढिगाने आहेत. आमच्या मंजुषा मॅडम म्हणाल्या, ऑफिसात सगळ्यांना येतं तेच घे आणि पंधरा दिवसांत पान दाखव. पण मामा, मी तुमच्या हाताखाली घडलेला. एका नगाला किती सेकंद लागतात हे काढल्याशिवाय आपण कुठल्या मशीनला हात लावतो का? मी नऊ फ्रेमवर्क उतरवून घेतली, प्रत्येकाला सेकंदाला किती वेळा नुसतं "नमस्कार" म्हणता येतं ते मोजलं आणि शिफ्टवार तक्ता करून भिंतीला लावला. (तीन रंगांत. मॅडमनी तक्ता दोनदा वाचला आणि मग शेजारचं कॅलेंडर बघितलं. मला ते कौतुक वाटलं.) यात दोन महिने गेले. पहिलं आलं ते सेकंदाला लाखभर नमस्कार घालत होतं, म्हणून तेच घेतलं. दादासाहेबांचे शेतकरी सगळे मिळून साठ. शिवाय ते ऑफिसात कुणालाच येत नव्हतं. अडलं की विचारायला जगात एकच गृहस्थ, आणि त्यांनी शेवटचं उत्तर दिलं ते गेल्याच्या आधीच्या दिवाळीत.

काल मार्केटात दादासाहेबांना पान उघडून दाखवलं. चौदा सेकंद लागले. तेवढ्यात मागे एक ट्रक रिव्हर्स येऊन लागलासुद्धा. दादासाहेब शांतपणे म्हणाले, "ह्यापरीस फोन बरा हाय, रणजीतराव." (एरवी ते मला पोरा म्हणतात. राव ऐकलं तिथेच मी संपलो.) ऑफिसात परतल्यावर मॅडमनी पाच मिनिटांत दोष शोधून काढला. दादासाहेबांचे गोण्यांसोबतचे अकरा फोटो मी मोबाइलमधून निघाले तसेच, लहान न करता चढवले होते. आणि सगळे भाव एकदम मागवायचे सोडून एकेका भावासाठी वेगळी खेप मारत होतो. फ्रेमवर्कने आपलं काम डोळ्याचं पातं लवायच्या आत उरकलं होतं आणि उरलेला वेळ ते माझी वाट बघत बसलं होतं. फार वाईट वाटलं, मामा. शनिवारी माझं प्रोबेशन संपतंय. मॅडमनी शेवटची संधी दिली आहे: तेच काम, चार दिवसांत, वाटेल त्या फ्रेमवर्कमध्ये.

मामींना नमस्कार सांगा आणि तुम्ही शुगरच्या गोळ्या वेळेवर घ्या.

तुमचा (नोकरी सोडली तो दिवस वगळता) आज्ञाधारक भाचा,
रणजीत

ता. क. : चारपैकी आजचा दिवस उरलेल्या आठ फ्रेमवर्कची फेरतपासणी करण्यात गेला. तक्ता नवीन केला आहे.

ता. क. २ : शनिवारनंतर तुमच्या खात्यात जागा निघेल का, तेवढं विचारून ठेवा. मशीन कुठलंही चालेल. फक्त ते तुम्ही निवडा.