आधी वाफ, मग तेल

देवास,
१० जानेवारी २०२५

तीर्थरूप बाबा यांना
इंदूचा साष्टांग नमस्कार. आईंनाही सांगा.

फोनच केला असता, पण तुमचं कानाचं यंत्र फोनवर शिट्टी मारतं आणि मग तुम्ही सगळ्यालाच "बरं बरं" म्हणता. आज मला "बरं बरं" नको होतं, म्हणून लिहायला बसले. माझं शुद्धलेखन हिंदी शाळेतलं आहे. मास्तरांचं लाल पेन बाजूला ठेवून वाचा.

इकडे थंडी फार. सकाळी धुक्यात टेकडी दिसतच नाही. तिळाचे लाडू केलेत, जरा कडक झालेत. संक्रांतीला तुमच्याकडे धारला मयुरेश एकटाच येईल, मला सुट्टी नाही. त्याची तब्येत छान आहे. सध्या घरीच असतो.

"घरीच असतो" यापाशी तुम्ही थांबाल, हे मला ठाऊक आहे. म्हणून नीट सांगते.

आमच्या सोयातेलाच्या कारखान्यात बॉयलरचा बर्नर काळ्या, घट्ट तेलावर चालतो. ते तेल सहजी पेटत नाही. तापवून पातळ करायचं, वाफेच्या झोताने त्याचे बारीक तुषार करायचे, तेव्हा कुठे पेट धरतं. पेटवण्याआधी पंख्याने भट्टीतली साचलेली हवा बाहेर काढायची, वाफेच्या नळीतलं पाणी सोडून द्यायचं, मग लहान ज्योत लावायची, मग वाफ आणि सगळ्यांत शेवटी तेल. ज्वाला विझली तर तेल बंद करून पुन्हा पहिल्यापासून. हे सगळं मला मयुरेशनेच शिकवलं. मी नवीन लागले तेव्हा तो शिफ्टचा इनचार्ज होता, लग्न नंतरचं. वाफ ओली की कोरडी, हे तो नुसत्या आवाजावरून सांगायचा. "ओली वाफ थुंकते, कोरडी फुंकते," म्हणायचा. त्याच्या हाताखाली काम करताना मला कधी भीती वाटली नाही.

सोमवारी दुपारी ज्वाला विझली. नळीत पाणी साचलं होतं, ते वाफेबरोबर भसकन आत गेलं. मी लगेच हाताने तेलाचा व्हॉल्व्ह बंद केला. आदल्या आठवड्यातही बॉयलर बंद पडला होता आणि मयुरेशला वर बोलावून सगळ्यांदेखत सुनावलं होतं. त्यात मॅनेजर विक्रमसिंहजी स्वतः धावत आले. "मयुरेश भिया, भट्टी लाल है, तेल खोलो. ईंटों से ही पकड़ लेगी." म्हणजे भट्टीच्या तापलेल्या विटांवरच तेल पेट घेईल.

मला वाटलं, मयुरेश नाही म्हणेल.

तो म्हणाला, "इंदू, तेल सोड."

"सर, आधी पंखा चालवू द्या." कारखान्यात मी त्याला सरच म्हणते.

"वेळ नाहीये. बाजूला हो."

"नाही होत."

बाबा, त्याने माझं मनगट धरून ओढलं. तुमच्या मुलाबद्दल हे लिहिताना हात जड झालाय, पण त्याच्या तोंडून ऐकण्याआधी तुम्हाला माझ्याकडून कळावं. मी व्हॉल्व्हच्या चाकाला मिठी मारून खाली बसले. सगळे बघत होते. शेवटी विक्रमसिंहजीच म्हणाले, "रहने दो, चलाओ पंखा."

पंखा बराच वेळ चालवला. भट्टी निवल्यावर दार उघडलं, तर तळाशी तेलाचं थारोळं. आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह पूर्ण मिटलाच नव्हता. मी हाताने बंद करेपर्यंत तेल आत जात राहिलं होतं, आणि त्या तापलेल्या भट्टीत त्याची वाफ कोंडली होती. तशात तेल सोडून पेटवलं असतं तर भट्टी तोंडावर फुटली असती. आम्ही सगळे तिच्या समोरच उभे होतो.

मयुरेश वाकून आत बघत राहिला. सगळं साफ करून, व्हॉल्व्ह बदलून दुसऱ्या दिवशी बर्नर मी पेटवला. तो मागे भिंतीला टेकून उभा होता. त्यानंतर एकदा तो कारखान्याच्या गेटपर्यंत गेला आणि परत आला. या थंडीत शर्ट घामाने भिजलेला. हुकूम आपण दिला होता, हे त्याने वरच्या साहेबांना स्वतःहून सांगितलं. कोणी विचारलंही नव्हतं. घरी मात्र माझ्या हाताकडे बघतो, मी बाही खाली ओढते.

आता राहिलेलं सांगते. त्याची इनचार्जची जागा साहेबांनी मला देऊ केली आणि मी हो म्हटलं. त्याच संध्याकाळी त्याला सांगितलं. "बरोबर केलंस," म्हणाला. मग दाढी करायला आत गेला आणि कितीतरी वेळ नुसता नळ वाहत होता.

मनगट धरल्याचा राग माझ्या मनात आहे. तो जायला वेळ लागेल, आणि तो नाही असं मी कोणाला भासवणार नाही. पण त्या दुपारी चूक त्याची एकट्याची नव्हती, हेही मला दिसतं.

तो तुम्हाला विचारेल, कामावर परत जाऊ की धारलाच काही बघू. तुम्ही जा म्हणू नका आणि राहा म्हणू नका. त्याला बोलू द्या. आईंना तुम्हीच सांगा, मला जमणार नाही. त्या माझ्यावर चिडल्या तर चिडू द्या.

भट्टीपुढे तो पुन्हा उभा राहिला नाही तरी चालेल, घरात मात्र मला तोच हवा आहे. हे मी त्याला अजून म्हटलेलं नाही. तुम्हाला लिहिताना सोपं गेलं. त्याला म्हणणं अजून कठीण जातंय.

तुमच्या मुलाची वाट बघणारी,
इंदू