संजनाच्या पाठीवरचे फोड

सुरत, १४ मार्च २००३

ती. आईस राकेशचा नमस्कार,

मी बरा आहे. घरचं सगळं फोनवर कळलं, पण तू फोनवर येत नाहीस म्हणून लिहितो.

कांजण्यांच्या नव्या लशीची अजून चाचणी चालू आहे, म्हणून तर तिकडच्या द्वारकेच्या दवाखान्यातल्या बाई घरी येऊन लशीचा काही त्रास झाला का ते विचारतात. लशीनंतर माझ्या संजनाच्या पाठीवर फोड आले. तू घरातली फोडणी बंद केलीस, पोरीला कडुलिंबाच्या पाल्यावर निजवलंस, आणि बाईंना म्हणालीस, "काही त्रास नाही." का, तर देवी आल्याचं परक्यांना सांगायचं नसतं.

तुझ्या त्या उत्तरावर विसंबून ती लस उद्या दुसऱ्यांच्या पोरांना टोचतील. संताप आला मला.

नैवेद्य खुशाल दाखव. पण बाई आल्या की पोरीची पाठही दाखव. देवी कोपली तर माझ्यावर कोपेल.

खाज कमी झाली का तिची?

तुझा,
राकेश