विहीणबाईंचा चंद्र

६ तारीख, रविवार
आजपासून चंद्राचा अभ्यास. कारण लिहून ठेवते, म्हणजे पुढे मीच विसरायला नको. नातीला, म्हणजे आमच्या भिंगरीला, शाळेतून होमवर्क आलंय. महिनाभर चंद्र बघायचा आणि कागदावरच्या गोलांत जेवढा दिसला तेवढा रंगवायचा. एक तारखेपासून तिला पंधरा दिवस सुट्टी. ज्या आजीकडे होमवर्क नीट होईल तिच्याकडे राहीन म्हणाली.
आज्या दोन. एक मी. दुसरी विहीणबाई, माझ्या लेकीची सासू, लेकीच्या घरामागच्याच गल्लीत राहतात. मागच्या दोन्ही सुट्ट्या तिकडेच गेल्या. विहीणबाई दहावी पास, चष्मा लावतात, पुस्तक तोंडावर घेऊन झोपतात. मी चौथीत शाळा सोडली. पण चंद्र काय सर्टिफिकेट बघून उगवतो?
कागदाची झेरॉक्स आणली. रोज बरोब्बर आठला बघायचं. साडेआठला सिरीयल असते.

८ तारीख, मंगळवार
दिसला. कापलेल्या नखाएवढा. रंगवला. सोपं आहे. उगाच बाऊ करतात लोक.

१० तारीख, गुरुवार
फोन केला. भिंगरी म्हणाली, मी आणि ती आजी रोज तिच्या गच्चीत दोन खुर्च्या टाकून बसतो.
खुर्च्या! चंद्र बघायला खुर्च्या कशाला लागतात? माणसाने उभ्याने बघावा आणि कामाला लागावं.
मी कामाला जाते त्या लाँड्रीतून एक स्टूल घरी आणलंय. परत नेऊन ठेवीन.

१३ तारीख, रविवार
अर्धा झाला. पण अर्धाच का, हे माहीत पाहिजे. विहीणबाईंनी पोरीला नक्की सांगितलं असणार, चष्म्यातून.
काल लाँड्रीत इस्त्रीवाल्याला विचारलं होतं. तो म्हणाला, मावशी, उरलेला अर्धा घडी घालून कपाटात ठेवला असेल. दात काढत होता. याची सूनही याला असंच उत्तर देते, ऐकलंय मी.

१५ तारीख, मंगळवार
कळलं! आपलं आपणच शोधलं. पांढऱ्या उशीच्या अभ्र्याचा घट्ट गोळा केला. बल्बकडे पाठ केली आणि गोळा समोर धरला. माझ्या डोक्याची सावली बरोब्बर गोळ्यावर. डोकं जरा हलवलं की गोळा कमी-जास्त. म्हणजे आपली पृथ्वी मध्ये येते, तिची सावली पडते, तेवढा चंद्र काळा. झालं. डोकं चालवायला दहावीच लागते असं नाही.
लगेच भिंगरीला फोनवर सगळं सांगितलं. पोरगी नुसतं हं म्हणाली. भारावली असणार. विहीणबाईंना सांग म्हटलं, मुद्दाम.

२० तारीख, रविवार
पूर्ण गोल. थाळीसारखा. पूर्ण रंगवला, थोडा रेषेबाहेरही गेला. सुट्टीसाठी तिची गादी उन्हात टाकली. नवा टूथब्रशही आणलाय, गुलाबी.

२२ तारीख, मंगळवार
आठला गेले. चंद्र नाही. कुठेच नाही. परवा एवढा ढोल झाला होता, दोन दिवसांत गेला कुठे? सव्वाआठपर्यंत मान वर करून थांबले. मग सिरीयल.
कागदावर लिहिलं, ढग.

२४ तारीख, गुरुवार
ढग. चांदण्या मात्र दिसत होत्या. ढग फक्त चंद्रापुढे असतील. असतात असे.

२६ तारीख, शनिवार
ढग. पाचवा दिवस. लेक म्हणाली, इकडे आकाश स्वच्छ आहे आई, भिंगरीला रोज दिसतोय. विहीणबाईंच्या गच्चीवर दिसतो आणि माझ्या नाही! बरोबर आहे. चंद्रसुद्धा चष्मेवाल्यांचाच.
उद्या सकाळी भिंगरी येतेय, माझा कागद बघायला. तयारी चोख आहे.

२७ तारीख, रविवार, दुपार
रविवारीही लाँड्री असतेच, म्हणून पोरीला घेऊनच गेले. सकाळी आठ वाजता लाँड्रीच्या गच्चीवर चादरी वाळत घालत होते. ती म्हणाली, आजी, तो बघ.
पाण्याच्या टाकीच्या वर चंद्र. अर्धा. भरदिवसा. धुऊन धुऊन विटलेल्या कापडासारखा.
मी म्हटलं, कालचा राहिला असेल.
ती म्हणाली, नाही गं, आता तो उशिरा उगवतो, रोज आणखी उशिरा. तू आठला जातेस तेव्हा आलेलाच नसतो. सकाळी मात्र असतो. शाळेत जाताना रोज दिसतो मला.
म्हणजे पाच दिवस मी याच दोऱ्यांवर चादरी टाकत होते आणि तो डोक्यावर होता. चादर टाकताना वर कोण बघतं? चिमटा बघते मी.
मग सावलीचं निघालं. मी म्हटलं, सावलीमुळेच अर्धा आहे ना? तिने टोपलीतला अभ्रा घेतला, गोळा केला आणि म्हणाली, धर चंद्राकडे. धरला. एका बाजूने ऊन पडलेलं. गोळाही अर्धाच उजळ, अगदी चंद्रासारखा, त्याच बाजूने. सावली कुणाचीच नाही. माझं डोकं कुठेच आडवं नव्हतं. ती म्हणाली, चंद्राची अर्धी बाजू कायम उजळच असते आजी, आपल्याला ती कधी समोरून दिसते, कधी कडेने. एवढंच.
मी म्हटलं, हे विहीणबाईंनी शिकवलं, हो ना?
ती हसायला लागली. म्हणे, तिला कुठे येतंय काही! तीच रोज मला विचारते, आज कुठून उगवेल गं, आज केवढा असेल. तिला सांगायचं म्हणून मी पुस्तकात बघून ठेवते.
मग जाताना माझा कागद उचलला, पाच ढगांवर एकदा बोट फिरवलं आणि घडी घालून परत दिला.

२७ तारीख, रात्री आठ
चंद्र नाही. उशिरा येणार, माहीत आहे मला.
विचार केला. विहीणबाईंना काही येत नाही म्हणून पोरगी त्यांच्याकडे राहते. एवढंच ना? उद्यापासून मलाही काही येणार नाही. त्यांच्यापेक्षा कमी येईल. चौथीची बाई आहे मी, या बाबतीत त्या माझी काय बरोबरी करणार!

२८ तारीख, सोमवार
फोन केला. म्हटलं, भिंगरे, मला ना, चंद्रातलं काही म्हणजे काहीच कळत नाही गं.
ती म्हणाली, माहीत आहे, आजी.
सुट्टीत तिकडेच राहणार आहे. टूथब्रश मी वापरायला काढला.