रिकाम्या कमरेची पोर

८ मार्च १९६४
दुबईहून लाँचने दोन दिवस, आणि आज सकाळी खोर सिदर! ओकाऱ्या काढून काढून मी अर्धी झाले होते, पण लाँच वळली आणि सगळं विसरले. सरळ समुद्रात उतरणारा कडा, त्यावर पांढरी, पिवळी घरं एकावर एक. एकाचं छप्पर ते वरच्याचं अंगण. माझे थोरले भाऊ हनीफभाई इथे कंपनीच्या गोदामावर आहेत. त्यांच्या इटालियन इंजिनियरने टेबलावर स्वतःच्या गावाचं रंगीत पोस्टकार्ड लावलंय. तिथेही असाच कडा, अशीच घरं. तो म्हणतो, इथे आलो आणि घरी आल्यासारखं वाटलं. मलाही वाटलं.
राहायला मैमुनाखालांकडे, सगळ्यात वरच्या घरात. त्या मूळच्या रत्नागिरीच्या, चाळीस वर्षांपूर्वी इथल्या खलाशाशी निकाह झालेला. नाव नि शिक्षण सांगताच म्हणाल्या, अगो, बी.ए. झालीस नि अजून वाऱ्यावर मोकळी? हसून हसून पोट दुखलं. आमच्या घरातली मी पहिली बी.ए. उद्यापासून मी इथल्या मुलींचा वर्ग घेणार. अब्बांना पत्र लिहायचंय.

१० मार्च
नऊ मुली. सगळ्यांत हुशार अन्वरी, खालांची नात, अकरा वर्षांची. अलिफपासून तोयपर्यंतची अक्षरं दोन दिवसांत गिरवली; पुढची बाकीच्या आठजणी तिथवर आल्यावर. दुभाष्याचं कामही तीच करते आणि मी चुकले की तोंडावर हसते.
पण आज दुपारी जे पाहिलं त्याने डोकं फिरलंय. गोड्या पाण्याचा झरा कड्याच्या तळाशी, एका गुहेच्या तोंडाशी. ओहोटी लागली की मुली घडे घेऊन उतरतात. प्रत्येकीच्या कमरेला काथ्याची दोरी. दुसरं टोक वर छपरावर, लोखंडी कडीतून आई किंवा आजीच्या हातात. एक हिसका म्हणजे पोहोचले. दोन म्हणजे घडा भरला. तीन म्हणजे वर ओढा. अन्वरीच्या कमरेभोवती घट्टा पडलाय. पुरुष तेव्हा झोपलेले असतात. त्यांना दोरी नाही, कारण त्यांना पाणी आणायचं नाही.
पोस्टकार्डात पाणी भरणारं कुणी नव्हतं.

१२ मार्च
इंजिनियरच्या बंगल्यावर पंपाने पाणी चढतं. मी भाईंना म्हटलं, तोच नळ पन्नास पावलं पुढे न्यायला काय होतं? भाई म्हणाले, कंपनीचं काम आहे, तू तुझी अलिफ-बे बघ, यल्ला, जेव आता. मी जेवले नाही.
खालांना दोरीबद्दल विचारलं. पोर घसरू नये म्हणून का? त्या म्हणाल्या, घसरायला काय, आमच्या बकऱ्यासुद्धा घसरत नाहीत. खाली जो आहे तो ओढतो. बांधलेल्या पोरीचं वर कुणीतरी आहे हे त्याला कळतं. रिकाम्या कमरेची पोर त्याला आपली वाटते. मी हसले. शिकलेल्या बाईने हसायचं नाही तर काय करायचं? मुलींना बांधून ठेवायला प्रत्येक गावाकडे एक भूत असतंच.

१५ मार्च
पाटीवर लिहून दिलं: दोरी शेळीला बांधतात, माणसाला नाही. नऊजणींनी गिरवलं. मग ओहोटीच्या वेळी छपरावर सगळ्यांदेखत मी पेन्सिलच्या चाकूने अन्वरीच्या कमरेची दोरी कापली. ती उड्या मारत सुटली. खाला ओरडल्या नाहीत. नुसत्या खाली बसल्या. मला त्याचाही राग आला.

१६ मार्च
अन्वरी मोकळी गेली, मोकळी आली. घडा काठोकाठ. मी खालांकडे विजयाने पाहिलं, हे खरं.
मग अन्वरीने सांगितलं, झऱ्यावर कुणीतरी तिला विचारलं, तुला कोणी सोडलं? आवाज बाईचा की पुरुषाचा ते कळलं नाही. मी विचारलं, मग तू काय म्हणालीस?
ती म्हणाली, तुमचं नाव सांगितलं, आपा.

१७ मार्च
अन्वरी आली नाही. भरती चढली तरी नाही.

१८ मार्च
घडा सापडला. झऱ्याशी, भरलेला, नीट उभा. घसरलेल्या मुलीचा घडा उभा राहतो का? पुरुष म्हणतात, पाय घसरला, खलास. होड्या काढल्या आणि तासाभरात परत. गुहेत कुणी शिरत नाही. इंजिनियरने साखरेचं पोतं पाठवलं. साखरेचं!
मी खालांवर ओरडले, नीट का नाही सांगितलंत? त्या म्हणाल्या, सांगितलं होतं, तू हसलीस.
खरं आहे. ह्या वहीतच लिहिलंय.
पोर कुठल्या कपारीत अडकली असेल तर धरेल, म्हणून मी तिची दोरी छपरावरून खाली सोडली आहे. कापलेलं टोक खाली.

१९ मार्च
दुपारी ओहोटीला एक हिसका.
मी स्वतः पाहिलं. वारा नव्हता.
थोड्या वेळाने दोन.
खाला म्हणाल्या, ती आमची पोर नाही, दोरी वरच कापून टाक. सख्खी आजी! मी म्हटलं, एकदा कापली ती पुरे. पुन्हा कापणार नाही. त्यांनी माझा चाकू घ्यायचा प्रयत्न केला. मी त्यांना ढकललं. म्हाताऱ्या बाईला —

२० मार्च, शुक्रवार
भर दुपार. सगळे पुरुष मशिदीत. खाला मुसल्ल्यावर, नमाजात.
तीन हिसके.
ओढतेय. फार जड आहे. अकरा वर्षांची पोर एवढी — पाण्याने भिजली असेल. तळवे फाटले. दोरीचं वरचं टोक कमरेला गुंडाळून, गाठ मारून, दोरीवर पाय रोवून जरा टेकलेय, म्हणून लिहिता येतंय.
खालून आवाज. अलिफ, बे, ते — माझ्याच चालीत. तोयच्या पुढे नाही. पुढचं मी शिकवलंच नव्हतं. अन्वरीच आहे. ती आहे —
आपा, तुम्हाला कोणी बांधलं, म्हणून विचारतेय.
खाला दारात आल्या आहेत. ओरडताहेत, सोड, गाठ सोड. सुटत नाही. सोडणारही नाही. ऐकतोयस ना तू, खाली? माझी मुलगी आहे ती, तुझी नाही. दे तिला —
पुन्हा तीन.
इतका वेळ ओढतेय. पायाशी दोरीचं वेटोळं वाढायला हवं होतं. ते तर कमी होत —