जेवलो

३ सप्टेंबर

पोचलो एकदाचा. दोन विमानं, तीन बॅगा आणि आईने शेवटच्या क्षणी कोंबलेला कुकर, सगळं धड आलं. फक्त माझ्या पायांचे भोपळे झालेत. विमानतळावर दादा घ्यायला आला होता. दादा म्हणजे मी ज्या घरात खोली घेतली आहे त्या घराचा कर्ता. इथे आठ वर्षं आहे, काँक्रीटवर पीएचडी करतोय. मी त्याच विभागात मास्टर्सला येतोय म्हटल्यावर पहिल्या फोनवरच त्याने मला धाकटा भाऊ करून टाकलं. मला खालून वर न्याहाळून म्हणाला की आजपासून तू शिडी. घरात शिरताना माझं डोकं चौकटीला आपटलं, तेव्हा त्याने खरोखरच टेप आणून माझी उंची मोजली आणि तुझ्यासाठी सगळंच मोठं लागणार म्हणून हसला.

घरात तिसरा पोपट. नाव पोपट, पण तोंडातून शब्द फुटत नाही. उजव्या हाताच्या दोन बोटांना पट्टी आहे, कुकरचं झाकण उडालं म्हणे. माझी खोली आधी मास्तरची होती. मास्तर शिकायला इथे येण्याआधी शाळेत शिकवायचा, म्हणून ते नाव. आठवड्यापूर्वीच दुसऱ्या शहरात नोकरी लागून गेला आणि गादी, टेबललॅम्प, जाडजूड कोट सगळं मागे ठेवून गेला. देव त्याचं भलं करो. कोटाच्या बाह्या मला कोपरापर्यंत येतात.

दादाने माझा पासपोर्ट त्याच्या कपाटात ठेवला, नवीन मुलं हरवतात म्हणून. फोनमध्ये इथलं सिमही त्यानेच घालून दिलं. मग आईशी बोलला. अर्ध्या तासात आईने त्याला त्याची आवडती भाजी विचारली, जी मला तिने उभ्या जन्मात विचारलेली नाही. फोन ठेवताना म्हणाली, आता मला घोर नाही, तिथे आपला माणूस आहे.

९ सप्टेंबर

विद्यापीठ झकास आहे. प्रयोगशाळेत काँक्रीटचे ठोकळे यंत्रात दाबून फोडतात. आधी काहीच होत नाही, आकडा नुसता चढत राहतो. मग केसासारख्या चिरा पडतात आणि मग एकदम बार उडाल्यासारखा आवाज. पहिल्या आवाजाला मी टेबलाखाली. एवढा लांबलचक माणूस तिथे मावला कसा, यावर वर्ग दिवसभर हसत होता.

कचेरीतल्या बाईंनी विचारलं, अडीअडचणीला इथे कोणाला कळवायचं. मी दादाचं नाव आणि नंबर सांगितला. डॉक्टरकडेही तोच दिला. दुसरं आहे तरी कोण.

घरात शिस्त आहे. संध्याकाळी सातला सगळ्यांनी एकत्र बसायचं, पानात काही टाकायचं नाही, कुकर घासायची पाळी चुकवायची नाही. आणि जेवण झालं की घरी एक शब्द कळवायचा: जेवलो. दादा म्हणतो, आईला बाकी कशाशी देणंघेणं नसतं. खरंच आहे. मी जेवलो लिहिलं की आई अंगठा पाठवून निवांत झोपते. आयांनी आपसात एक ग्रुपही काढलाय, माझी आई, पोपटची आणि मास्तरची. त्यात दादा एकटा बाप्या.

माझ्याकडे अजून एक काम आलंय. गॅरेजमध्ये भिंतीलगत दादाने सामान ठेवायला काँक्रीटचा कट्टा ओतलाय, अजून ओला आहे. त्याला सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं. पाण्यावाचून काँक्रीट तडकतं, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही माहीत असतं. घरबसल्या अभ्यास.

२१ सप्टेंबर

काल पोपट कुकर घासायला विसरला. दादाने पोपटचा हात ओट्यावर पसरला आणि त्याच दोन बोटांवर लाटणं घातलं. एकदा नाही. मी प्रयोगशाळेत रोज वस्तू तुटताना ऐकतो, पण हा आवाज अगदी बारीक होता, ओली काडी मोडल्यासारखा. पोपटने ओठ चावून धरले. मग दादानेच बर्फ लावला, पट्टी बांधली आणि त्याला स्वतःच्या हाताने भात भरवला.

मी मनाची समजूत घालतोय. थोरला आहे, एखादी ठेवून देणारच. बाबांनीही मला पट्ट्याने बडवलंय. पण मी ताट बाजूला सारलं. दादा माझं ताट रिकामं होईपर्यंत समोर बसून राहिला.

४ ऑक्टोबर

डाव्या हाताने काही धरता येत नाही.

जेवताना सहज म्हणालो की वर्गातल्या एका मुलाबरोबर विद्यापीठाजवळ खोली बघतोय. दादा हसला. मला आणखी आमटी वाढली. म्हणाला, घर म्हणजे घर असतं, ते सोडून जायचं नसतं, मास्तरलाही हेच सांगितलं होतं. मग माझं मनगट धरून तळहात तापल्या तव्यावर दाबला. मी त्याच्यापेक्षा वीतभर उंच आहे, तरी हात सुटेना. सुटला तेव्हा कातडी तव्यावर राहिली.

आईला फोन करून सगळं सांगितलं. तासाभराने तिचाच फोन. दादाशी बोलली होती. त्याने तिला रडत रडत सांगितलं की मी नको त्यांच्या नादी लागलोय, पितो, आणि पिऊनच तव्यावर हात ठेवला. आई म्हणाली, परक्या मुलखात तुझ्यासाठी एवढं करणाऱ्याचं मन मोडू नकोस रे, आपला माणूस आहे तो. दादा माझ्या मागे उभा राहून अंगठ्याने माझी पट्टी दाबत होता. मी हो आई म्हणालो.

१२ ऑक्टोबर

तांदळाच्या डब्यात तळाशी हाताला चष्मा लागला. बाटलीच्या बुडासारख्या काचा, एक फुटलेली. दादा बाजारात गेला होता. पोपटला दाखवला तर तो भिंतीला टेकून खालीच बसला. म्हणाला, मास्तरला याच्याशिवाय स्वतःची चप्पल सापडायची नाही.

पण मास्तर रोज आईला कळवतो. माझ्या आईनेच परवा सुनावलं, मास्तरकडून शीक, पोरगं एक दिवस चुकत नाही, जेवलो म्हणून येतंच.

आज जेवणानंतर नीट बघितलं. दादा टेबलावर दोन फोन घेऊन बसतो. एक त्याचा. दुसऱ्याचं कव्हर नारिंगी आहे, कोपऱ्यात फुटलेलं. त्यावर एक शब्द लिहिला, थोडं थांबला आणि उत्तर वाचून समाधानाने हसला. पोपट ताटाकडे बघत होता.

१३ ऑक्टोबर

कट्ट्याला पाणी मारायला गेलो. छोटी हातोडी घेऊन ठोकून पाहिलं. भरीव काँक्रीट खणखणतं. कडेला खणखणलं. मधे बद्द आवाज. ठोकत ठोकत सरकलो. पोकळी मास्तरच्या कोटाएवढी रुंद आहे, आणि लांबीला माझ्या खांद्यापर्यंत भरेल.

हातोडी जागेवर ठेवली. मग पाणी मारलं. रोजच्यासारखं, सगळीकडे सारखं. दुसरं काय करायचं ते सुचलं नाही.

मी महिनाभर मास्तरला पाणी घालतोय.

१५ ऑक्टोबर

पोपट गेला.

सकाळी दादा अंघोळीला गेल्यावर पोपटने दाराची कडी काढायला घेतली. मोडक्या बोटांनी ती निघेना. मी स्वयंपाकघरातून धावलो, तेवढ्यात दादा ओल्या अंगाने, टॉवेल गुंडाळून बाहेर आला. त्याने गॅरेजच्या दाराशी टांगलेला मोठा हातोडा उचलला. पहिला घाव खांद्यावर. पोपट वळून एकच शब्द म्हणाला: दादा. दुसरा कपाळावर. तिसऱ्याची गरज नव्हती, तरी घातला, आणि त्यानंतरही घालत राहिला. भिंत, कडी, माझा सदरा, सगळीकडे—

माझ्या हातात कुकर होता. आईचा, जड बुडाचा. दादाची पाठ माझ्याकडे होती. मी मारू शकलो असतो. मी नुसता उभा राहिलो.

मग त्याने पुन्हा अंघोळ केली आणि मला गॅरेजमध्ये दुसऱ्या कट्ट्यासाठी कालवायला लावलं. सिमेंट, वाळू, खडी. म्हणाला, हात तुझेही लागलेत. पाणी जास्त पडलं तर ओरडला, मास्टर्स करतोस आणि प्रमाण कळत नाही.

संध्याकाळी टेबलावर तीन फोन होते. पोपटच्या आईने उत्तरात फुलं पाठवली.

१६ ऑक्टोबर

दादाने विद्यापीठात पाठवलं, गैरहजेरी डोळ्यावर येते म्हणून. सरळ कचेरीतल्या बाईंकडे गेलो. खुर्चीत बसलो आणि इथली भाषा डोक्यातून पुसली गेली. तोंडातून नुसती मराठी. दादा, हातोडा, पोपट, कट्टा. बाईंनी पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. खुणेने सांगितलं की घाबरू नकोस, तुझी भाषा येणाऱ्या माणसाला बोलावते. नंबर फिरवला. कोणाचा ते माझ्या उशिरा लक्षात आलं.

इस्त्रीचा शर्ट घालून आला. माझ्या शेजारी बसला. मी ओरडून सांगत होतो की याने दोघांना मारलं, आणि तो वाक्यावाक्याला मान हलवून बाईंना समजावत होता की पोराला घरची आठवण येते, झोप नाही, औषध चालू आहे. बाईंचे डोळे भरून आले. दारापर्यंत सोडायला आल्या.

१७

गॅरेजमध्ये आहे. भाजलेला हात नळाच्या पाइपला बांधलाय. बरगड्या— श्वास घेतला की टोचतात. वही कमरेला खोचली होती, ती त्याला दिसली नाही.

फोन त्याच्याकडे.

पोपटचा कट्टा खिडकीतून येणाऱ्या उन्हाने वाळतोय. पाणी मारणारं कोणी नाही.

१८

सकाळपासून फळ्या कापत होता. कट्ट्याशेजारी नवा साचा ठोकलाय. मास्तरच्यापेक्षा लांब. पोपटच्यापेक्षाही. टेप लावून बघत नाही, माझं माप त्याला पाठ आहे.

आई, त्याने पहिल्याच दिवशी—

संध्याकाळ

वर कुकरच्या शिट्ट्या झाल्या. आईचा कुकर, शिट्टी ओळखू येते. ताट वाढल्याचा आवाज. एकच ताट.

आता माझा फोन वाजला. सात वाजले असणार. ती विचारतेय.

तो लिहितोय. बटणांची टिकटिक ऐकू येतेय. एकच शब्द आहे, वेळ लागत नाही.

तिने आवाज पाठवलाय. त्याने मोठ्याने लावला, मला ऐकू यावा म्हणून. बरं झालं रे बाळा, आता निवांत झोप, मीही आडवी होते—

आई झोपू नकोस

पायऱ्यांवर आहे. सिमेंटचं पोतं ओढत—

मी जेवलो नाही आई, मी परवापासून जेव